घरच्या सगळ्यांना घेऊन क्रूझवर जावं का? माझं मत: जावं, घरातल्या बाईसाठी तरी जावंच
(सोलापूरकरांच्या गटातली चर्चा; लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी तो राहतो त्या भागाचं नाव)

रेल्वे लाईन्स:
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझ केली. सासूबाई, सासरे, दीर-जाऊबाई, आम्ही दोघं आणि पोरं. आल्यापासून भिशीत, लग्नात जो भेटतो तो विचारतो, "एवढे पैसे पाण्यात घालून मिळालं काय?" दरवेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा इथे नीट लिहिते. ज्यांना पटणार नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहा.

आपल्याकडे कुटुंबाची सहल म्हणजे बाईने घरचंच काम परगावी जाऊन करायचं. आदल्या रात्री दशम्या, शेंगाचटणी, धपाटे. पोचल्यावर सासऱ्यांना तिखट सोसत नाही, धाकट्याला भात सोडून काही नको, जाऊबाईंचा उपवास. सगळ्यांना चालेल असं हॉटेल शोधायचं, रिक्षा ठरली का बघायचं, कोण दमलं ते ओळखायचं. हे सगळं तिच्याच डोक्यात. चार दिवसांनी घरी येते ती जास्तच थकून.

जहाजावर हे ओझं उतरतं. शाकाहारी वेगळं, जैन वेगळं, मुलांचं वेगळं, ज्याला हवं ते त्याने घ्यावं. सासरे पहाटे पाचला उठून डेकवर फेऱ्या मारायचे, जाऊबाई नऊपर्यंत झोपायच्या, पोरं पोहायच्या तलावात. कोणी कोणासाठी खोळंबत नव्हतं आणि जेवायला सगळे एका टेबलावर. एकत्र कुटुंबाला एकत्र राहून मोकळीक मिळाली, असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. सासूबाईंनी आयुष्यभर पिंप, घागरी, बादल्या भरल्या. केबिनच्या न्हाणीघरात त्यांनी पहिल्यांदा बादली शोधली. ती नव्हतीच. साफसफाईच्या मुलाला विचारलं, "बाळ, समुद्राच्या मधे एवढं गोडं पाणी येतं कुठून?" त्याने सांगितलं की समुद्राचंच पाणी आत घेऊन गोडं करतात. इंजिनाच्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी ठेवून पाणी उकळायचं आणि वाफ थंड करायची, किंवा पडद्यातून दाबाने गाळायचं. हे ऐकल्यावरही त्या साबण लावताना नळ बंद करत होत्या. पण "आज पाणी येणार का" हा शब्द त्या सगळ्या दिवसांत त्यांच्या तोंडी आला नाही. आमचे पैसे तिथेच वसूल झाले.

होटगी रोड:
ताई, तुम्हाला मिळालेलं सुख खरं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ते समुद्राचं नव्हे, आयत्या जेवणाचं आहे. त्याला जहाज कशाला हवं? हर्णै-आंजर्ल्याला चांगल्या घरगुती मुक्कामात चार दिवस राहा. तिथेही स्वयंपाक दुसरं कोणीतरी करतं आणि पंगतीत उकडीचे मोदक येतात.

मी भूगोल शिकवत आलो, म्हणून मला हे जास्त टोचतं. क्रूझवर माणूस गावं पाहतो कुठे? गोव्यात जहाज मुरगावला लागतं. उतरायला रांग, सुटायच्या बऱ्याच आधी परत चढायचं बंधन. मधल्या तासांत मंगेशी करा नाहीतर जुनं गोवं, दोन्ही केलं तर धावाधाव. त्या गावात संध्याकाळ कशी होते ते कळतच नाही, कारण संध्याकाळी तुम्ही पुन्हा जहाजावर.

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो. बैलगाड्यांतून, डोक्यावरून टोपल्या येतात, बोली सुरू होते, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. पोरगं तिथे तासभर उभं राहिलं तर कोळ्याचं पोट कशावर चालतं ते त्याला कळतं. तलाव, जादूचे प्रयोग आणि शेजारी कॅसिनो, यातून ते काय शिकणार? आणि गोवाच पाहायचा असेल तर जून २०२५ पासून आपल्या विमानतळावरून थेट विमान सुरू झालेलं आहे. सकाळी घरी चहा, दुपारी गोव्यात जेवण.

अशोक चौक:
सर बरोबर बोलले. मी हिशेबाचं बोलतो. जाहिरातीतला आकडा एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. तिसऱ्या-चौथ्याला सूट मिळते, पण चौघांनी त्या खोलीत राहून बघा, वरची फळी पाडली की चालायला जागा नाही. आकड्यावर पुन्हा बंदराचं शुल्क, जीएसटी, टीप. आत गेल्यावर थंड पेय पैशाने, खास हॉटेलात बसलात तर पैशाने, किनाऱ्यावरची सहल पैशाने, वायफाय पैशाने. रोख कुठेच द्यायची नाही, कार्ड दाखवायचं, म्हणून खर्च दिसत नाही. पोरं दिवसभर कार्ड दाखवत फिरतात, शेवटच्या रात्री बिल येतं तेव्हा बाप जागा होतो. आमच्या बुकिंगवाल्याने यातलं निम्मं आधी सांगितलंच नव्हतं.

जाणाऱ्यांनी आधी लेखी विचारावं: "सगळं धरून दारापर्यंत किती?" आणि पोरांच्या कार्डाला मर्यादा घालून घ्यावी, ती सोय बहुतेक ठिकाणी असते.

डफरीन चौक:
मी डॉक्टर आहे. दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असं लिहितो. माझं स्वतःचं मत जाण्याच्या बाजूचं आहे, पण तयारीने.

बोट लागणे हा सगळ्यांत मोठा प्रश्न. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल कळते. मेंदूला या दोन्हींचा मेळ घालता येत नाही आणि मळमळ सुरू होते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. त्यामुळे आडवं डुलणं कमी होतं, पण पुढून-मागून वरखाली होणं फारसं थांबत नाही. म्हणून खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. सगळ्यांत वरची, पुढच्या टोकाची बाल्कनी फोटोला छान, पोटाला वाईट. बरं वाटेनासं झालं तर खोलीत पडून राहू नका, मोकळ्यावर या आणि क्षितिजाकडे बघा. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, या गोळ्यांनी तो त्रास वाढू शकतो.

दुसरं, पोटाचे संसर्ग. हजारो माणसं तेच डाव, तेच कठडे हाताळतात. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जेवणाआधी साबणाने हात धुवा, पोरांकडून धुवून घ्या. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस जहाज अडकलं, तेव्हा साधारण ३,७०० माणसांपैकी ७०० हून जास्त जणांना कोरोना झाला. ती वेळ वेगळी होती, पण बंद जागेत आजार कसा पसरतो ते जगाने पाहिलं.

जहाजावर डॉक्टर आणि नर्स असतात, पण ते लहान दवाखान्याइतकंच. छातीत कळ आली तर पुढचं बंदर गाठेपर्यंत काळजी. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा बंदरावर देता त्या खोलीत पोचायला तास-तास लागतात. सहा महिन्यांखालचं बाळ आणि चोवीस आठवड्यांपुढची गर्भवती यांना बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत. हे बुकिंग करताना पाहावं, बंदरावर नव्हे.

भवानी पेठ:
ताई, तुमच्या सासूबाईंना पाण्याची गोष्ट सांगणारा तो मुलगा घरी कधी गेला होता, विचारलंत का?

माझा आत्येभाऊ परदेशी जहाजावर गॅलीत आहे, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात. आठ महिन्यांचा करार, आठवड्यातले सातही दिवस काम. खलाशांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती हवी. ज्या देशांत हे विश्रांतीचं मोजमाप धरतात, त्यांच्या झेंड्याखाली, म्हणजे तिथे नोंदलेल्या जहाजावर, आठवड्याला ९१ तास राबवलं तरी ते नियमात बसतं. बहामास, पनामा असे झेंडे का लावतात, त्याचं कारण कर आणि कामगार कायदे यांत आहे. आत्याच्या घरी बारसं झालं, वास्तुशांत झाली, मामांचं तेरावं झालं. हा एकाही वेळी नव्हता. त्याच्या खोलीला खिडकी नाही.

घरातल्या बाईला चार दिवस विश्रांती मिळावी हे मलाही पटतं. पण ते काम नाहीसं झालेलं नसतं. तेच काम दुसऱ्या कोणाच्या तरी पोराच्या अंगावर गेलेलं असतं, तेही तुमच्या नजरेआड, खालच्या मजल्यांवर.

आणि समुद्राचं काय? जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपुढे प्रक्रिया न केलेला मैला सोडायला अजूनही परवानगी आहे, फक्त हळूहळू, चालत्या जहाजातून सोडायचा. न्हाणीच्या, भांड्यांच्या सांडपाण्याला तर त्या करारात नियमच नाही. इटलीच्या सरकारने २०२१ मध्ये मोठ्या जहाजांना व्हेनिस शहरासमोरच्या कालव्यात यायला बंदी केली ती उगीच नाही.

रेल्वे लाईन्स:
भवानी पेठ, विचारलं होतं. तो मुलगा सिंधुदुर्गातला. सहा महिन्यांनी घरी जाणार होता, बहिणीच्या लग्नासाठी पैसे साठवत होता. त्याचं काम कष्टाचं आहे आणि नियम आणखी कडक व्हायला हवेत, हे मी मान्य करते. पण आपल्या शहरात यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारे, विडी वळून बोटं झिजवणाऱ्या बायका आहेत. म्हणून आपण चादर घेणं थांबवत नाही, त्यांना दाम वाढवून द्या म्हणतो. इथेही तेच म्हणावं. प्रवासी नकोत असं तुमचा आत्येभाऊ म्हणतो का?

होटगी रोड सर, कोकणातल्या घरगुती मुक्कामाबद्दल: तिथेही मी गेले आहे. जेवण त्या घरच्या वहिनी करतात, हे खरं. पण चढण, पायऱ्या, बाहेरचं संडास, सासऱ्यांसाठी गाडी, हे सगळं पुन्हा माझ्याकडे. लिफ्ट असलेली, सगळं एका छपराखाली असलेली जागा गुडघे गेलेल्या माणसाला किती मोकळं करते, ते घरात तसं माणूस असल्याशिवाय कळत नाही. लिलाव बघायला ते वाळूत उतरणार कसे?

विजापूर वेस:
आमच्या ह्यांचं टॉवेलचं दुकान. समुद्रात रेंज गेली आणि ते दोन दिवस पोरांशी बोलले. मला बाकी वादात पडायचं नाही. एवढं मात्र सगळ्यांना सांगते, मोबाईल विमान मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर आपला नेहमीचा रिचार्ज तिथे चालत नाही, बिल भलतंच येतं.

भवानी पेठ:
आत्येभावाला काल फोनवर विचारलं, ताई. तो म्हणाला, लोक आले पाहिजेत. पण टीप कंपनीच्या सामाईक खात्यात जाण्यापेक्षा थोडी हातात मिळाली तर बरं, आणि शेवटच्या दिवशी नाव घेऊन दोन शब्द लेखी दिले तर बढतीला उपयोग होतो. त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत सांगितलं. माझं मत मात्र कायम आहे, मी घरच्यांना घेऊन जाणार नाही.

होटगी रोड:
गुडघ्यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो अर्धाच आहे. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाला लागत नाही. भोवती प्रवाळ, उथळ पाणी, म्हणून ते बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीने उतरवतात. हलत्या बोटीत पाय टाकणं हे गुडघे गेलेल्यांना वाळूपेक्षा अवघड. समुद्र खवळला तर उतरणंच रद्द. मग ज्या बेटासाठी पैसे भरले ते लांबून पाहायचं. जहाज आतून कितीही सोयीचं असो, जमिनीवर पाय लागले नाहीत तर प्रवास झाला असं मी मानत नाही.

रेल्वे लाईन्स:
सासूबाई लक्षद्वीपला उतरल्या नाहीत, सर. वरच्या डेकवर खुर्चीत बसून राहिल्या. पाण्याचा रंग किनाऱ्याकडे हिरवा, मधे निळा, आमच्याकडे काळसर. तेच बघत होत्या. मी परत आले तर म्हणाल्या, "तू उगीच लवकर आलीस." त्यांचा प्रवास झाला की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

सम्राट चौक:
वाद चालू द्या, पण मला खरंच ठरवायचंय. आई पासष्टीच्या, दोन्ही गुडघे दुखतात, बीपी आहे. मुलगी सात वर्षांची. काय करू?

रेल्वे लाईन्स:
आईंना लहान बोटीत चढायला लागणार नाही अशी, फक्त मुंबई-गोवा फेरी बघा. खोली मधल्या भागात, खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ मागून घ्या. बाल्कनीचे पैसे वाचवून आईंसाठी वेगळी खोली घेता आली तर उत्तम. सुटायच्या आधी सुरक्षेची कवायत होते, तिला आईंना घेऊन जा आणि जमायची जागा त्यांना दाखवून ठेवा. इटलीजवळ २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येकांची कवायत झालीच नव्हती, त्यानंतर हा नियम कडक झाला.

पावसाळा नको. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, उरकला की जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, तेव्हा अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो आणि आपल्याकडचा उन्हाळाही सुरू झालेला नसतो. त्याच दिवशीच्या वंदे भारतच्या भरवशावर राहू नका, ती दुपारी मुंबईत पोचते आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा, सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळ आहे. आईंच्या बीपीच्या गोळ्या तुमच्या पर्समध्ये.