०-७ वरून ८-७: बेसबॉलमध्ये मॅच फिरते कशी?

कोपरीकर: क्रिकेटच्या डोक्याने विचारतोय. २८ सप्टेंबर २०११, अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलच्या साखळीतली शेवटची मॅच. टँपा बे रेजचा संघ न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध सात इनिंगनंतर ०-७ ने मागे. एवढं भरून कसं निघालं?

वाशीचा_पिचर: इथे षटकं नाहीत, प्रत्येक संघाला ९ इनिंगमध्ये २७ आउट असतात. शेवटचा आउट पडेपर्यंत कितीही रन करा, रिक्वायर्ड रेटची भानगडच नाही. आठव्यात रेजचे ६ रन, त्यातले ३ रेजच्या लाँगोरियाच्या एका होमरनवर (चेंडू थेट मैदानाबाहेर, बेसवरचे सगळे रनर घरी). नवव्यात दोन आउट, दोन स्ट्राइक (तीन झाले की आउट). अजून एक स्ट्राइक की खेळ खल्लास. तिथे बदली बॅटर डॅन जॉन्सनने उजव्या फाउल पोलपाशी (मैदानाची हद्द दाखवणारा खांब) चेंडू थेट प्रेक्षकांत मारला. ७-७. बरोबरी, म्हणून जादा इनिंग. बाराव्यात पुन्हा लाँगोरियाचा होमरन, ८-७.

घोडबंदर_बुलपेन: यांकीजनी डिव्हिजन (त्यांचा गट) आधीच खिशात घातलं होतं, म्हणून शेवटच्या इनिंगचा हुकमी पिचर रिव्हेरा याला आणलंच नाही. हे विसरून नुसता चमत्कार म्हणू नका.

कोपरीकर: आणि त्याच रात्री रेजशी स्पर्धेत असलेले बोस्टन रेड सॉक्स?

वाशीचा_पिचर: त्या मॅचआधी रेज आणि रेड सॉक्स दोघेही ९० विजय, ७१ पराभव असे बरोबरीत, आणि तेव्हा वाइल्ड कार्डची (गट न जिंकताही बाद फेरीत जायची) जागा एकच होती. बाल्टिमोरमध्ये नवव्यात रेड सॉक्सचा पिचर पॅपलबॉनने पहिले दोन आउट काढले, बेसवर कोणी नाही. मग दोन डबल (दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचवणारे फटके), एक सिंगल (पहिल्या बेसपर्यंत), रेड सॉक्सची ३-४ ने हार. त्यानंतर काही मिनिटांतच लाँगोरियाचा होमरन.

घोडबंदर_बुलपेन: लाइव्ह बघायचं तर अलार्म लावा: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे ७ म्हणजे सप्टेंबरात ठाण्यात पहाटेचे साडेचार. मॅच लांबली तर लोकलमध्ये मोबाइलवर.