कोरे संमतीपत्र आणि पित्तनलिकेची इजा: तक्रार पोलिसांत की ग्राहक आयोगात?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

माझ्या आईची, वय 67, गेल्या ऑगस्टमध्ये येथील एका खाजगी रुग्णालयात पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी ताप आला, डोळे हळदीसारखे पिवळे दिसू लागले, तरीही ‘पोटात गॅस धरला आहे’ असे सांगून आम्हाला चार दिवस थांबवून ठेवण्यात आले. पुढे दुसऱ्या रुग्णालयात पित्तनलिकेला इजा झाल्याचे निष्पन्न झाले आणि पोट उघडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. आई आता हिंडती-फिरती आहे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री अकरा वाजता पलंगाच्या कठड्यावर कागद टेकवून मी संमतीपत्रावर सही केली, तेव्हा धोक्यांचा रकाना कोरा होता. परवा फाइल पाहिली तर तो निळ्या शाईने भरलेला आहे. माझी सही मात्र काळ्या शाईची आहे. प्रत मागितली, तर ‘वरून परवानगी लागेल’ असे उत्तर मिळाले. मामा म्हणतात, सरळ ठाण्यात जा. काय करावे?

उत्तर 1 (वकील, इंदूर)

मामांचा संताप रास्त आहे, पण ठाणे ही पहिली पायरी नव्हे. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट केले की, डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो आणि त्यावर आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. भरपाईचा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे, व्ही. पी. शांता प्रकरणातील 1995 च्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येईल, मुदत दोन वर्षांची आहे, आणि रुग्णालयाला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

त्याआधी कागद हाती घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातलगाने मागणी केल्यास नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात. ‘वरून परवानगी’ हा प्रकार तिच्यात नाही. अर्ज आईच्या सहीने द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.

उत्तर 2 (निवृत्त शल्यचिकित्सक, ग्वाल्हेर)

माझे म्हणणे काहींना डॉक्टरांची बाजू घेतल्यासारखे वाटेल. पित्ताशय सुजून चिकटलेले असले की नलिका ओळखणे कठीण होते, आणि अशी इजा निष्णाताच्या हातूनही घडते. केवळ इजा दाखवून निष्काळजीपणा सिद्ध होणार नाही. आपले प्रकरण त्या चार दिवसांत आहे. ताप आणि कावीळ एकत्र दिसताच बिलिरुबिनची (रक्तातील काविळीच्या पिवळ्या द्रव्याची) तपासणी आणि सोनोग्राफी व्हायलाच हवी होती. म्हणून डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. परिचारिकांचा तापाचा तक्ता आणि रोजच्या फेरीच्या नोंदी आवर्जून मागा, कारण त्यांत कोणत्या वेळी किती ताप होता आणि कोणाला कळवले हे लिहिलेले असते. शाईचा मुद्दाही गौण नाही. समीरा कोहली प्रकरणात 2008 साली न्यायालयाने म्हटले आहे की, संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय रुग्णाला सांगितले पाहिजेत. आपल्या आई शुद्धीवर होत्या, मग सही आपली का घेतली, हेही विचारा.

उत्तर 3 (वकील, इंदूर)

डॉक्टरसाहेबांशी पूर्ण सहमत. जोशी विरुद्ध गोडबोले हा जुना खटला आठवला: 1953 साली पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात मांडीचे हाड मोडलेला तरुण पुण्यात उपचार घेताना दगावला आणि 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दोषी धरले. पंधरा वर्षे लागली, हे मामांनाही सांगा. दुसऱ्या रुग्णालयाच्या शल्यचिकित्सकांचे लेखी मत आताच घ्या. पुढे कोणी सहजासहजी लिहून देत नाही.

प्रश्नकर्ता

आज आईच्या सहीचा अर्ज दिला. आवक खिडकीवर पोच देण्यास टाळाटाळ झाली, म्हणून तोच अर्ज स्पीड पोस्टानेही पाठवला आहे. पावती जपून ठेवली आहे.