मदत हवी आहे: व्होकोडरमध्ये 'सांगली'चं 'आंगली' होतंय

नमस्कार मंडळी,

प्रश्न गाण्याचा नाही, बोलण्याचा आहे. व्होकोडर म्हणजे आपलं बोलणं दुसऱ्याच एखाद्या आवाजातून उमटवणारं साधन. तरी घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी जरा लक्ष घाला.

आमच्या मंडळाचा यंदा हलता देखावा आहे. कृष्णामाई स्वतः बोलते आणि २०१९ चा महापूर तिच्या बाजूने सांगते, अशी नऊ मिनिटांची संहिता आहे. तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४५. आम्ही नदीकाठच्या गावभागातले, त्यामुळे विषयावरून वाद झाला नाही. वाद झाला आवाजावरून. अध्यक्षांचं म्हणणं, बाईने नुसतं वाचलं तर ती बाईच वाटणार. पाणी बोलतंय असं वाटायला पाहिजे आणि वर शब्द न् शब्द कळायला पाहिजे. घरात माइक असलेला मी एकटाच, म्हणून हे माझ्या गळ्यात.

वाचन आत्याने केलंय. बत्तीस वर्षं मराठी शिकवलंय तिने, उच्चार एकदम खणखणीत. साधा कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा इंटरफेस, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर आणि त्यातलाच व्होकोडर, रीव्होकोड. आतापर्यंत दोन प्रयोग झाले.

पहिला, तंबोरा. शेजारच्या गाण्याच्या क्लासमधून मिरजेचा पुरुषी तंबोरा मागून आणला, काळी एकला लावलेला. तो कॅरिअर म्हणून, म्हणजे ज्यातून शब्द उमटवायचे तो आवाज म्हणून दिला. आवाज असा आला की अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. पण शब्द गेले. 'मी शांत होते' चं 'मी आंत होते' झालं, आणि 'सांगली' चं 'आंगली'. 'खोल पाणी' म्हटलं तर 'कोल पाणी'. आत्याने ऐकलं आणि म्हणाली, "हे मी म्हटलेलं नाही हं."

दुसरा, पाणी. आता कृष्णा सांगलीत खळखळत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. घाटावर उभं राहिलात तर कपडे आपटल्याचा आवाज तेवढा येतो. म्हणून म्हैसाळच्या बंधाऱ्यावर जाऊन मोबाइलवर पाणी टिपून आणलं आणि ते कॅरिअर केलं. यात शब्द कळतात, श-स स्वच्छ. पण आवाज नुसता कुजबुजल्यासारखा, कुणीतरी कानात गुपित सांगतंय असा. नदी वाटत नाही, भूत वाटतं. लहान पोरं रडतील.

तर प्रश्न असा: तंबोऱ्याचा भारदस्तपणा ठेवून शब्द कसे वाचवू? बँड (व्होकोडर आवाजाचे जे पट्टे पाडतो ते) बारावरून चोवीस करून पाहिले, थोडा फरक पडला, 'आंगली' मात्र तशीच. आणि बोलण्यात जिथे जागा सोडली आहे तिथेही तंबोरा हळू गुणगुणत राहतो, तो का?

—

प्रतिसाद (कोल्हापूरहून):

ऑटोट्यून टाका की राव, एवढा खटाटोप कशाला.

—

प्रतिसाद (हौशी साउंडवाला, सातारा):

वरच्या दादांसाठी आधी: ऑटोट्यून वेगळं. १९९७ साली आलेलं ते सॉफ्टवेअर सूर सरकवतं, आवाज माणसाचाच राहतो. व्होकोडर जुना, १९३० च्या दशकातला, बेल लॅब्समधल्या होमर डडलींचा. तोही गाण्यासाठी नव्हता. टेलिफोनवरून बोलणं कमी जागेत कसं पाठवायचं त्यासाठी होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात गुप्त संभाषणाच्या यंत्रणेत वापरला गेला. गाणंबजावणं करणाऱ्यांच्या हाती तो नंतर लागला.

आता तुमचं. व्होकोडर स्वतः काही आवाज काढत नाही हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सुटतं. तो तुमच्या आत्यांच्या आवाजाचे खालपासून वरपर्यंत पट्टे पाडतो. या क्षणी प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे ते मोजतो, आणि तेवढाच जोर तंबोऱ्याच्या त्याच पट्ट्याला देतो. तंबोऱ्यात त्या पट्ट्यात मुळात काही नसेल तर? शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच.

'श' चा जोर साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर असतो, 'स' चा आणखी वर, चार-पाच हजारांच्या पुढे. तंबोरा जवारीमुळे (तार घोडीला हलकी घासून येणाऱ्या झणकाराने) इतर तंतुवाद्यांपेक्षा पुष्कळ भरलेला असतो, म्हणून तुमचे स्वर छान येतात. काळी एकचा खर्ज (सगळ्यात खालच्या तारेचा सूर) ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे दर ६९ हर्ट्झवर एक स्वरांश, त्यामुळे आ, ई, ओ सगळे नीट रेखले जातात. पण पाच हजारांच्या वर त्याच्याकडे फारसं काही उरत नाही, आणि जे असतं ते सुरेल असतं. 'स' ला सूर नको, हवा पाहिजे. 'ख' मधल्या 'ह' ची तीच गत. म्हणून 'कोल पाणी'. बँड वाढवून हे सुटणार नाही.

हवा तर तुम्ही म्हैसाळहून आणलेलीच आहे! दोन प्रयोग वेगवेगळे का ठेवलेत? दोन्ही एकाच कॅरिअरमध्ये घाला. पाण्याचं खालचं सगळं कापा, साधारण साडेतीन-चार हजारांच्या वरचंच ठेवा, आणि ते तंबोऱ्यात मिसळा. स्वर तंबोरा म्हणेल, श-स पाणी म्हणेल. लोक यासाठी पांढरा गोंगाट वापरतात. तुमच्याकडे नदीच आहे.

गुणगुण राहते ती पंख्यामुळे असणार. माइकने पंखा पकडला की व्होकोडरला वाटतं कुणीतरी बोलतंय, आणि तो दार थोडं उघडं ठेवतो. आत्यांच्या ट्रॅकवर व्होकोडरच्या आधी १०० हर्ट्झच्या खालचं कापा, मग गेट (ठरावीक जोराखालचा आवाज बंद करतं ते), मग जरा कडक कॉम्प्रेसर (हळू-मोठ्यातला फरक कमी करतो तो). क्रम हाच ठेवा. कॉम्प्रेसर आधी लावलात तर पंखा आणखी वर येईल.

—

प्रतिसाद (मिरजेतून):

सातारकरांचं बरोबर, एक भर. तंबोऱ्याची तार छेडली की लगेच ओसरायला लागते. शब्द नेमका दोन छेडण्यांच्या मध्ये आला तर पडतोच. एकच रेकॉर्डिंग दोन-तीन ट्रॅकवर थोडं थोडं पुढे सरकवून ठेवा, म्हणजे खळ पडत नाही. वरून कॉम्प्रेसर. आणि व्होकोडरचा रिलीज (आवाज ओसरायला लागणारा वेळ) फार लांब ठेवू नका. तीस-चाळीस मिलिसेकंदांत ठेवा, नाहीतर एका अक्षराची शेपटी दुसऱ्यावर पडते.

तंबोरा कुणाचा म्हणालात? क्लासच्या बाईंना विचारून जवारी बघा. घोडीवरचा दोरा जरा सरकला तरी आवाज बोथट होतो, मग व्होकोडरला वरचं मिळतच नाही. इथे मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत आणलात तर पाच मिनिटांचं काम आहे.

—

प्रतिसाद (मंडपवाल्यांच्या घरातली):

तुम्ही हेडफोनवर ऐकताय. मंडपात कर्णा असणार. त्यातून तुमचा ६९ हर्ट्झचा खर्ज येणारच नाही, समोर बँजो पथक असेल ते वेगळंच. मिक्स मोनो करा, मोबाइलच्या स्पीकरवर लावा आणि संहिता न वाचलेल्या माणसाला ऐकवा. त्याला कळलं तर मंडपात कळेल. आणि आत्यांचा मूळ आवाजही खाली हळू ठेवा, जेमतेम जाणवेल इतका. अध्यक्षांना सांगू नका.

—

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. काल रात्री पंखा बंद करून (घामाघूम) आत्याचं पुन्हा रेकॉर्डिंग केलं, ती वैतागली पण बसली. पाणी आधी चार हजारांच्या वर ठेवलं तर 'श' थोडा शिट्टीसारखा येत होता, तीन हजारांवर आणल्यावर बसला. तंबोऱ्याचे तीन ट्रॅक. एक घोळ मी स्वतःच केलेला सापडला: कॅरिअरच्या ट्रॅकचा मास्टर सेंड चालूच होता, म्हणजे तंबोरा व्होकोडरशिवायही थेट ऐकू येत होता. तो बंद करून सेंड फक्त ३/४ चॅनेलवर, म्हणजे व्होकोडरकडेच ठेवला आणि गुणगुण अर्धी तिथेच गेली. उरलेली गेटने.

मोबाइलवर लावून खालच्या दुकानदाराला ऐकवलं. 'सांगली' बरोबर ओळखलं, 'खोल' पण. एक वाक्य अजून अडतंय, 'छातीएवढ्या पाण्यात छपरं मोजली मी'. 'छ' ची हवा येते, पण आधीचा 'च' चा ठोका बोथट आहे. अटॅक (आवाज उठायला लागणारा वेळ) आणखी कमी करू, की तेवढ्या दोन शब्दांत मूळ आवाज वर घेऊ? आत्या म्हणते, वाक्यच बदल. अध्यक्ष म्हणतात, वाक्याला हात लावायचा नाही.

—

हौशी साउंडवाला:

अटॅक एक-दोन मिलिसेकंदांवर आणा. तरी नाही जमलं तर तेवढ्या ठिकाणी मूळ आवाज वर. आत्यांशी मात्र वाद घालू नका, अजून रेकॉर्डिंग लागणार आहे.

—

धागाकर्ता:

एकवर जमलं. तंबोरा परत करायला निघालोय, जाताना गल्लीत जवारी दाखवून घेतो. बाईंनी देतानाच बजावलं होतं.