बोरन्हाणाचे फोटो घरीच काढायचेत, मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या शनिवारी धाकट्याचं बोरन्हाण आहे (वय १४ महिने) आणि फोटो मीच काढणारे. अनोळखी माणूस जवळ आला की तो भोकाड पसरतो त्यामुळे फोटोग्राफर नकोच असं आमचं दोघांचं ठरलंय.

थोरलीच्या वेळचं सांगते म्हणजे अडचण कळेल. ती आता ५ वर्षांची आहे. तेव्हा कॅमेरा ऑटोवर ठेवून दीड-दोनशे फोटो काढले आणि बोरं डोक्यावरून पडतानाचा त्यात एकही धड नाही, बोरांच्या जागी नुसत्या तपकिरी रेघा. एक शार्प आलाय त्यात सगळ्यांनी 'इकडे बघ, इकडे बघ' करून तिला कॅमेऱ्याकडे बघायला लावलंय आणि ती ओठ ताणून हसतीये, ते तिचं हसू नाहीच. मधेच तिने केसातले चुरमुरे ओघळत असताना मांडीवर पडलेलं एक बोर उचललं, फिरवून फिरवून बघितलं आणि शेजारी बसलेल्या पणजीच्या तोंडापुढे धरलं. तो फोटो आहे माझ्याकडे पण फोकस मागच्या पडद्यावर गेलाय, पडद्याची वीण न वीण दिसते आणि या दोघी धूसर. अजून डिलीट करवत नाही.

यावेळी आधीच तयारी करतीये. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर (सेन्सर लहान, त्यामुळे चौकटीत कमी भाग मावतो), लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएम किट. काल मोठ्या बाहुलीला काळं झबलं घालून पाटावर बसवून बघितलं तर संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ३२०० ला शटर जेमतेम १/६० सेकंद मिळालं आणि चेहरा पांढराफटक. मग लक्षात आलं की काळ्या कपड्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो उगाच उजेड वाढवतो. एक्स्पोजर -१ (म्हणजे उजेड निम्मा) केल्यावर चेहरा बरोबर आला, शटरही १/१२५ झालं, पण हे पोरगं बाहुलीसारखं बसणार नाही, त्याला १/५०० तरी लागेल ना? आणि शटर वाढवलं की ट्यूबमुळे एका फोटोत चेहरा उजळ, लगेच पुढच्यात पिवळट काळपट असं होतंय. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून १/१०० वर ठेवलं की रंग सारखे येतात पण मग हात हलतो. यातून मार्ग काय?

दुपारी ४ ला बाल्कनीच्या दाराशी पाट मांडला तर प्रश्नच मिटेल, पण हळदीकुंकवाच्या बायका ६ नंतर येणार आणि तोवर उजेड गेलेला. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, सगळ्याजणी आल्याशिवाय कसं गं करायचं, आणि त्यांचं चूक नाहीये.

लेन्स घ्यायची तर ३५ एमएम एफ/१.८ (किट लेन्सपेक्षा बराच जास्त उजेड आत घेणारी) का ५० एमएम? ५० स्वस्त पडते पण आमचा हॉल १० बाय १२, त्यात पंधरा माणसं, मागे सरकायला जागा कुठे. एफ/१.८ ला जवळून काढताना डोळा शार्प आणि कान धूसर असं होतं म्हणतात, सारख्या हलणाऱ्या मुलावर जमतं का ते? की त्याच पैशात वेगळा फ्लॅश घेऊन पांढऱ्या छतावर मारू? तो दचकेल का याची भीती वाटते, ज्यांनी एवढ्या लहान मुलांवर वापरलाय त्यांनी प्लीज सांगा.

आणि एक. पहिलं औक्षण मी करायचं, पहिली ओंजळ मी ओतायची. तेवढा वेळ कॅमेरा नवऱ्याच्या हातात असेल, त्याला यातलं काही कळत नाही. त्याने फक्त बटण दाबायचं अशी कुठली सेटिंग आधीच लावून देऊ?