टायगर-क्रेनमध्ये उड्या नकोत

वर कोणीतरी म्हटलंय की दक्षिण चीनकडचे पारंपरिक कुंग फू फॉर्म (म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम) स्पर्धेत फिके पडतात म्हणून त्यात दोन-चार उड्या घालाव्यात. मला हे अजिबात पटत नाही. उड्या हव्या असतील तर आधुनिक वुशूतला (चिनी मार्शल आर्ट्सच्या स्पर्धात्मक खेळातला) नानच्वान, म्हणजे दक्षिणी शैलीचा प्रकार, आहेच की, १९९० च्या बीजिंग एशियाडमध्येही तो होता, आणि आता तर तिथे अवघड उड्यांना वेगळे मार्कच असतात. हुंग गार या दक्षिणेकडच्या पारंपरिक शैलीचं तसं नाही. तिचा टायगर-क्रेन, म्हणजे वाघ-क्रौंचाचा फॉर्म घ्या, वाघाचा पंजा मारताना नुसती बोटं वाकवून भागत नाही, ताकद टाचेतून कमरेत आणि तिथून मनगटात यायला हवी, आणि मग बोटं जुळवून क्रौंचाची चोच केली की सगळा नूरच बदलतो, तो बदल जाणत्या जजला लगेच दिसतो.

खरी अडचण स्पर्धेतल्या वेळेची. हुंग गारचाच कुंग जी फुक फू हा फॉर्म लांबलचक, तो वेळेत बसवायला लोक सगळाच पळवतात आणि मग हॉर्स स्टान्स (पाय फाकवून, गुडघे वाकवून खाली बसायची मुद्रा) वर येतो, मांड्या सुटतात. त्यापेक्षा मधला रिपीट होणारा भाग कापा ना! पण सुरुवातीचे संथ ब्रिज हँड (हाताच्या पुढच्या भागाच्या हालचाली), श्वासासकट, पूर्ण करा, प्लीज. आणि फॉर्म करताना काढायचा आवाज घशातून नको, पोटातून काढा.