गुन्ह्यांचा दर तिप्पट असलेल्या भागात भाड्याने राहावं का?

नवी भाडेकरू
नोकरी बदलल्यामुळे दुसऱ्या शहरात चालले आहे. मी आणि आई, दोघीच. ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर एक घर मिळतंय. हवेशीर आहे, आईलाही आवडलंय. पण पोलिसांची आकडेवारी बघितली तर त्या भागातला गुन्ह्यांचा दर शहराच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. भागात रेल्वे स्टेशन आहे, मोठी बाजारपेठ आहे. घरमालक म्हणतात, इथे काही होत नाही. माझं काम रात्री दहाला सुटतं. आकड्यावर विश्वास ठेवू की मालकांवर? परवापर्यंत कळवायचं आहे.

शांतताप्रिय
तिप्पट दर असताना विचार कसला करताय? बरोबर आई आहे, उगाच विषाची परीक्षा नको. थोडं लांब पडलं तरी चालेल, पण गेट, वॉचमन आणि कॅमेरे असलेली सोसायटी बघा.

नकाशेवाला
घाई करू नका. गुन्ह्यांच्या नोंदी नकाशावर मांडणं हे माझं रोजचं काम आहे, आणि स्टेशनाजवळच्या वस्त्यांवर या दरामुळे किती अन्याय होतो ते मी सतत बघतो.

दर काढताना गुन्ह्यांच्या संख्येला तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने भागतात. समजा भागात २०,००० रहिवासी आहेत आणि वर्षात ४०० गुन्हे नोंदले गेले. लाखामागे दर झाला २,०००. पण स्टेशन आणि बाजारामुळे तिथे एरवी सरासरी लाखभर माणसं वावरत असतील तर? पाकीट मारलं जातं त्यातले कितीतरी जण तिथले रहिवासी नसतातच. तेच ४०० गुन्हे लाख माणसांत वाटले की दर ४०० वर येतो. म्हणून एकूण दर बाजूला ठेवा आणि वर्गवारी काढा. मोबाईल आणि पाकीटचोरी किती, वाहनचोरी किती, घरफोडी किती, मारहाण आणि जबरी चोरी किती. दोघींनी घरात राहण्याच्या दृष्टीने घरफोडीचा आकडा महत्त्वाचा, रात्री चालत येण्याच्या दृष्टीने शेवटचे दोन. एकाच वर्षाचं बघू नका, तीन-चार वर्षांचं बघा. आकडे लहान असले की एखादी टोळी महिनाभर फिरली तरी वर्षाचं चित्र बिघडतं.

दुसरं, गुन्हे अख्ख्या भागात सारखे पसरलेले नसतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी पोलिसांना आलेले फोन पत्त्यांनुसार लावून बघितले. १९८९ साली छापलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून थोडे जास्त फोन फक्त ३ टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. पुढे इतर शहरांतही रस्त्यांच्या बाबतीत असंच दिसलं: थोडेसे तुकडे बदनाम, आणि त्यांना लागूनची गल्ली अगदी शांत. तुमचा प्रश्न त्या भागाचा नाहीच, तुमच्या गल्लीचा आणि ऑफिसपासून घरापर्यंतच्या वाटेचा आहे.

शांतताप्रिय, गेट असणं चांगलंच. पण कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार मला आजही पटतो. गुन्हा करू पाहणारा, हाती लागण्याजोगी वस्तू किंवा व्यक्ती, आणि लक्ष ठेवणाऱ्याचा अभाव, या तीन गोष्टी एकाच वेळी एका ठिकाणी आल्या की गुन्हा घडतो. सगळे कामावर गेले की दुपारी ओस पडणारी सोसायटी आतून तितकीच उघडी असते. यांच्या घरी आई दिवसभर असणार, ही मोठी जमेची बाजू आहे.

नवी भाडेकरू
मनापासून आभार. वर्गवारी मिळाली. बहुतेक सगळी मोबाईल आणि पाकीटचोरी, ती स्टेशनच्या आवारातली. घरफोड्या शहराच्या सरासरीपेक्षा कमी. मारहाण, जबरी चोरीही फार नाही. छेडछाडीच्या तक्रारी तर जवळजवळ शून्य. म्हणजे निर्धास्त राहू ना?

रात्रपाळी
ताई, त्या शून्यावर विसंबू नकोस. मी नर्स आहे, अवेळी ये-जा करण्यात माझी उमर गेली. धक्का मारून गेला, मागे मागे आला, घाणेरडं बोलला, यासाठी चौकीची पायरी कितीजणी चढतात? तिथे बसून चार माणसांसमोर पुन्हा सगळं सांगायचं, त्यापेक्षा घरी गेलेलं बरं, असंच वाटतं. आमच्याकडे स्टेशनखालून जाणारा एक भुयारी रस्ता आहे. मधला दिवा कायम बंद, वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, आणि भिंतीला टेकून तेच तेच चेहरे उभे. आमच्यातली एकही तिथून जात नाही, सगळ्या पुलावरून वळसा घालून जातो. कागदावर त्या भुयाराची एक तक्रार नसेल.

रात्री दहाला कुणाला तरी सोबत घेऊन ती वाट चालून बघ. रविवारी नको, कामाच्या दिवशी. किती शटर उघडी आहेत, खिडक्यांत दिवे आहेत का, लांबच लांब कोरी भिंत कुठे लागते, आणि बायका एकट्या चालताना दिसतात का, हे बघ. मी शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवते.

नकाशेवाला
ताईंचं शंभर टक्के खरं आहे. न नोंदलेले गुन्हे इतके असतात की अमेरिकेत १९७३ पासून लोकांना थेट विचारून वेगळी पाहणी केली जाते. दिव्यांचं म्हणाल तर न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही सरकारी वसाहती निवडून त्यांत प्रखर दिवे लावले. तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. बंद दिव्याची तक्रार क्षुल्लक समजू नका.

मालकांना एक नेमका प्रश्न विचारा: या घरात किंवा शेजारी हल्ली चोरी झाली आहे का? एकदा फुटलेलं घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फुटण्याची शक्यता जास्त असते. झाली असेल तर कुलूप, कडी, मागची खिडकी बदलून घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका.

नवी भाडेकरू
काल ऑफिसमधल्या एका मैत्रिणीबरोबर चालून आले. स्टेशनच्या मागची वाट अजिबात नको, एका बाजूला गोदामाची भिंत आणि चिटपाखरू नाही. बाजारातून येणारा रस्ता मात्र साडेदहापर्यंत जागा होता आणि मुली बिनधास्त चालत होत्या. पाच-सात मिनिटं जास्त लागतात, लागू देत. मालक म्हणाले चोरी झालेली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही तेच सांगितलं, पण स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून पाण्याचा पाइप जातो हेही त्यांनीच दाखवलं. मालकांनी जाळी बसवून द्यायचं कबूल केलंय. जाळी बसली की आगाऊ रक्कम देणार.

रात्रपाळी
आगीच्या वेळी बाहेर पडता यावं म्हणून जाळीला आतून उघडणारी झडप ठेवायला सांग. आणि काकूंचा नंबर आईच्या फोनमध्ये आधी घाल.