मदत हवी आहे: गिअरचे मॉड्यूल आणि डी.पी. (डायमेट्रल पिच)
आमच्या जुन्या लेथचा ४० दात्यांचा गिअर झिजला असून, नवा करून घ्यायला गेलो तेव्हा कारागिरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॉड्यूल किती?" पिच वर्तुळाच्या (जोडीचे दाते जिथे एकमेकांत बसतात त्या काल्पनिक वर्तुळाच्या) मिलिमीटरमधील व्यासाला दात्यांच्या संख्येने भागले की मॉड्यूल मिळते, तर डी.पी. म्हणजे त्याच व्यासाच्या दर इंचामागे येणारे दाते, एवढे मला ठाऊक आहे. व्हर्नियरने बाहेरचा व्यास १०६.६ मि.मी. भरला, बाहेरच्या व्यासासाठी दात्यांच्या संख्येत दोन मिळवून हिशेब केला, तर अडीच मॉड्यूलला तो १०५ यायला हवा आणि १० डी.पी.ला १०६.६८, म्हणून गिअर डी.पी.चाच असावा. "अडीचचा चालून जाईल," हे कारागिरांचे म्हणणे मला पटत नाही, कारण जोडीचा गिअर जुनाच राहणार आहे. झिजलेल्या दात्यावरून प्रेशर अँगल (दात्याच्या बाजूचा कल ठरवणारा कोन) साडेचौदा अंशांचा की वीस अंशांचा, हे खात्रीने कसे ओळखावे, ते जाणकारांनी कृपया सांगावे.